प्रवासखर्चातली बचत हा व्हिडिओ मीटिंगचा लहान फायदा

व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या फायद्यांवरचा एक लेख वाचला. त्यात पहिला फायदा म्हणून प्रवासखर्चातली बचत दिली आहे. बचत होतेच, पण आमच्या कोल्हापूरकडच्या फाउंड्रीवाल्यांना, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्यांना विचाराल तर ते वेगळं सांगतील. कास्टिंगमध्ये म्हणजे ओतलेल्या भागात ब्लोहोल (हवेमुळे पडलेलं छिद्र) दिसला की पूर्वी फोटो मेल करायचे, मग पुण्याच्या ग्राहकाचा प्रश्न, आपलं उत्तर, पुन्हा प्रश्न. तोवर माल पडून. आता सुपरवायझर मोबाईल घेऊन थेट शॉपफ्लोअरवर उभा राहतो. पलीकडचा क्वालिटीवाला म्हणतो, "जरा डावीकडे फिरवा... हां, हे मशीनिंगमध्ये निघून जाईल." विषय मिटला! शिवाय मोल्डिंगवाला, म्हणजे साचा बनवणारा कामगार, स्वतः बोलतो, मधल्या साहेबाने त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायची गरज उरत नाही. मला हा सगळ्यात मोठा फायदा वाटतो, आणि लेखात नेमका तोच नाही.

कायद्याचाही उल्लेख हवा होता. कंपनी कायदा २०१३च्या कलम १७३नुसार संचालक व्हिडिओवरून बैठकीला हजर राहू शकतो आणि कलम १७४नुसार गणसंख्येत (कोरममध्ये) धरला जातो. भागधारकांच्या सभांना मात्र ही मुभा मिळाली ती २०२०च्या कोविडकाळातल्या परिपत्रकांनी.

बाकी झूमच्या मोफत खात्यावरची ४० मिनिटांची मर्यादा अनेकांना खटकते. मला विचाराल तर ते वरदान आहे, नाहीतर आपल्याकडे मीटिंग संपवतं कोण? फक्त शेवटची पाच मिनिटं कोणी काय करायचं ते लिहून काढायला ठेवा आणि शॉपफ्लोअरवरून बोलणाऱ्याला बरा हेडसेट घेऊन द्या.