बिअर ब्रेड दगड झाला म्हणणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, माझ्या बिअर ब्रेडच्या (यीस्ट न घालता, पिठात बिअर ओतून भाजायच्या ब्रेडच्या) रेसिपीवरची तुमची कमेंट काल वाचली आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण मग म्हटलं आधी तुम्ही केलात तसाच एक लोफ करून बघू. तुमचं म्हणणं असं की ब्रेड दगड झाला, बेक केल्यावर अल्कोहोल सगळं उडून जातं हे मी चुकीचं लिहिलंय, आणि यीस्ट नाही त्याला ब्रेड म्हणूच नये.

अल्कोहोलचं आधी, कारण तुम्ही ते मुलांच्या डब्यासाठी विचारलंय. तुमचं बरोबर आहे. सगळं उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा एक तक्ता आहे, त्यात पदार्थात मिसळून अर्धा तास शिजवलं तर ३५ टक्के आणि एक तास शिजवलं तर २५ टक्के अल्कोहोल शिल्लक राहतं असं दिलंय. रेसिपीतल्या ५ टक्के अल्कोहोलच्या बिअरच्या ३५५ मिलीच्या कॅनमध्ये साधारण १८ मिली अल्कोहोल असतं, म्हणजे पन्नास मिनिटं भाजल्यावर अख्ख्या लोफमध्ये चहाचा एक चमचाभर उरतं, आणि १२ स्लाइस केले तर प्रत्येकात अर्ध्या मिलीपेक्षा कमी. थोडंच, पण शून्य नाही, आणि तुम्ही वापरलीत तशी ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर असेल तर याच्या दीडपट धरा. मी "लहान मुलांनाही चालतं" असं बिनधास्त लिहून टाकलं होतं, ते लिहायला नको होतं, आज ती ओळ काढली. मुलांसाठी बिअरऐवजी तेवढंच साधं सोडा वॉटर घालून करा, छान फुगतो, फक्त चव जरा सपक होते म्हणून मीठ आणि जिरं थोडं वाढवा.

आता दगड. मी इकडे न्यू जर्सीत सेल्फ रायझिंग फ्लारचं, म्हणजे आपोआप फुगणाऱ्या मैद्याचं पाकीट आणते, त्यात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेलं असतं, आणि रेसिपीत मी नुसतं "३ कप फ्लार" लिहिलं. तुम्ही नाशिकला ३ कप साधा मैदा घेतलात, मग फुगणार कसा! काल मी तसाच केला, सुरी जाईना. बिअरमधलं यीस्ट फुगवेल असं वाटतं, पण बाटलीतली बिअर बहुतेक वेळा गाळलेली आणि पाश्चराइझ केलेली असते, त्यात जिवंत यीस्ट राहत नाही. बुडबुडे थोडी मदत करतात, खरं काम बेकिंग पावडरचं. तर ३ कप मैद्याला साडेचार छोटे चमचे बेकिंग पावडर, पाऊण छोटा चमचा मीठ, ३ मोठे चमचे साखर. मैदा कपात दाबून भरू नका, चमच्याने टाका. तिकडे ३३० मिलीची पाइंट मिळते ती घ्या, वर दोन चमचे पाणी. ५०० मिलीचा कॅन अख्खा ओतलात तर पीठ भज्यांच्या पिठासारखं होईल.

यीस्टबद्दल मात्र मला पटलं नाही. आयर्लंडचा सोडा ब्रेड यीस्टशिवायच होतो आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या त्याला ब्रेडच म्हणतात. तुम्ही गोव्याच्या पावाचा दाखला दिलात, तो मला मनापासून आवडतो, पोदेर, म्हणजे तिथले पाववाले, पूर्वी माडाची सूर (ताडी) घालून पीठ आंबवायचे, सान्नांत, म्हणजे इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थात, अजूनही घालतात, आणि त्या सुरेत यीस्ट जिवंत असतं म्हणून तो वास आणि ती जाळी येते. बिअर ब्रेडमध्ये ते येणारच नाही, त्याची अपेक्षा ठेवून खाल्लात तर निराशाच होईल. याची मजा वेगळी, माल्टचा, म्हणजे बिअरमधल्या मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोडसर खमंगपणा आणि वरून ओतलेल्या लोण्याची कुरकुरीत कड. हाताला पीठ न लावता, तासाभरात, ऑफिसमधून आल्यावर.

आणि ताई, कडू लागला लिहिलंय तुम्ही, तो कडवटपणा हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, तो भाजून जात नाही. हलकी लागर घ्या, आयपीए नको, त्या बिअरमध्ये हॉप्स जास्त असतात. बिअर ओतल्यावर कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवा, गुठळ्या राहिल्या तर राहू देत, १९० डिग्री सेल्सिअसला ५० मिनिटं, मध्ये सळई घालून बघा. गार झाल्यावरच कापा, गरम कापलात की आत चिकट लागतो. या रविवारी जमलं तर करून कळवा, मी वाट बघतेय.