डोक्यावर साहेब नको असणाऱ्यांसाठी

सिअ‍ॅटलमधील नोकरी उत्तम चालली असेल, पगार वेळेवर खात्यात पडत असेल आणि कंपनीने कबूल केलेले शेअर टप्प्याटप्प्याने आपल्या नावावर होत असतील, तर राजीनामा देण्यास याहून चांगला मुहूर्त नाही. नोकरी गेल्यावर धंदा करणाऱ्याची लोक कीव करतात. सगळे सुरळीत असताना जो सोडतो, त्यालाच उद्योजक म्हणतात. कारण विचारले तर ‘डोक्यावर साहेब नको होता’ असे बाणेदारपणे सांगावे, आणि समोर ज्येष्ठ नागरिक असल्यास त्यात मातृभूमीची भर घालावी. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक येत नाहीत, त्यामुळे आपला क्रमांक लागेपर्यंत नातवंडांच्या मुंजी उरकतील. शिवाय नोकरी सुटल्यास एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरील माणसाला दुसरी शोधायला जेमतेम ६० दिवस मिळतात. या बाबींचा मातृभूमीशी संबंध नसल्याने त्यांचा उल्लेख टाळावा.

पुण्यात परतून बाणेरला भाड्याचा फ्लॅट घेऊन स्थिरावलात की गाठीभेटींस सुरुवात करावी. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात दहा हजार रुपयांत सुरू झाली, हे आपल्याला किमान चाळीस जण सांगतील. ती दोनच वर्षांत बंगळूरला गेली, हे मात्र त्यांपैकी एकालाही आठवणार नाही. अमेरिकेत पीएचडी करून परतलेल्या आनंद देशपांडे यांनी १९९० साली पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी पुण्यातच उभी केली, हे उदाहरण आपण सासऱ्यांना द्यावे. ते शांतपणे ऐकून घेतील आणि मुलीला आत बोलावून विचारतील, ‘म्हणजे सध्या घरीच असतात का?’

कंपनी नोंदवताना साहेबमुक्तीचा पहिला अनुभव येतो. खासगी मर्यादित कंपनीला किमान दोन संचालक लागतात आणि त्यांतील एकाचे आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस वास्तव्य असावे लागते. आपण नुकतेच लोहगावला उतरलेले असल्यामुळे सीए सुचवतात की वडिलांना संचालक करून टाका. अशा रीतीने ज्या गृहस्थांच्या धाकातून सुटण्यासाठी आपण १५ वर्षांपूर्वी विमानात बसलो, त्यांचीच सही आता ताळेबंदावर लागते, आणि वीज मंडळात ३४ वर्षे काढलेला माणूस न वाचता सही करत नाही.

खरा अभ्यासक्रम मात्र पहिल्या बिलानंतर सुरू होतो. समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्याला आपण यंत्रांच्या देखभालीचे सॉफ्टवेअर करून दिले आणि पाच लाखांचे बिल पाठवले. त्यावरील १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९० हजार रुपये, दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याने पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत सरकारजमा करायचे असतात, मग ग्राहकाने छदामही दिलेला नसो. आपल्या बिलावर ग्राहकापेक्षा सरकारचा विश्वास अधिक असतो. तिकडे आपण एका मीटिंगमध्ये दहा लाख डॉलरचा खर्च मंजूर करत असाल, पण इथे आपले भवितव्य हिशेब खात्यातील ज्या गृहस्थांच्या हाती असते, त्यांना पहिल्या फोनवर ‘सर’ म्हणावे, तिसऱ्या फोनवर ‘साहेब’ आणि सहाव्यानंतर ‘दादा’. ते अतिशय सौजन्याने सांगतात की पीओ नंबर, म्हणजे खरेदी-आदेशाचा क्रमांक, बिलाच्या उजव्या कोपऱ्यात हवा होता. तो तिथे टाकून पाठवला की सही करणारे साहेब ऑडिटमध्ये असतात. ऑडिट संपले की पैसे सोडण्याचा वार गुरुवार असतो आणि आज शुक्रवार असतो. छोट्या उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा कायदा २००६ पासून आहे, आणि २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम मोठ्या कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात दाखवून करसवलत घेता येत नाही. हे कलम आपण तोंडपाठ करावे, पण उच्चारू नये. कायद्यावर बोट ठेवल्यास पैसे मिळण्याची शक्यता असते. दुसरे काम मिळण्याची नसते.

या काळात गृहकर्जाचा विचार मनात आणू नये. तीन वर्षांची विवरणपत्रे मागणाऱ्या बँक अधिकाऱ्याला ‘संस्थापक’ ही पदवी आणि ‘बेकार’ हा शेरा यांतील फरक समजावून सांगण्यात एक दुपार जाते, आणि पुण्यात दुपार ही वाया घालवण्याची वेळ नव्हे.

आठ-नऊ महिन्यांनी, अमेरिकेतील शिलकीचे रुपये करताना हात थरथरू लागले की, सिअ‍ॅटलच्या जुन्या साहेबाचा निरोप येतो: आपण लिहिलेली प्रणाली कोणालाच उमगत नाही, तेव्हा तासावर काम कराल का? लगेच होकार देऊ नये; दहा मिनिटे थांबावे. सेवेच्या निर्यातीवर हमीपत्र भरले की जीएसटीही भरावा लागत नाही, आणि बिल ३० दिवसांत चुकते होते. वडील संचालक या नात्याने बँकेचे विवरण चष्मा पुसून पाहतात आणि विचारतात, ‘हे एवढे वेळेवर पैसे देणारे कोण?’ नाव सांगू नये. ‘परदेशी ग्राहक’ एवढेच म्हणावे, आणि साहेबांची सकाळची मीटिंग पुण्यात रात्री साडेआठला सुरू होत असल्यामुळे जेवण लवकर उरकून खोलीचे दार लावून घ्यावे.