हीटर वाढवण्याआधी भिंत पाहा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रिमवर्ल्ड या वसाहत उभारायच्या व्हिडिओ गेममध्ये थंड प्रदेशात बेस, म्हणजे आपली वस्ती, कसा उबदार ठेवायचा, हा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : दुहेरी भिंतींत दगड आणि वेळ फुकट जातो. हीटर जेमतेम 175 वॅट खातो, तेव्हा गारठा वाटला की आणखी दोन लावावेत. आणि आइस शीटवर, म्हणजे गेममधल्या बर्फाच्छादित प्रदेशात, झाडच नसताना कॅम्पफायरचा सल्ला कशाला?

लेख बोरियल फॉरेस्टबद्दल, म्हणजे थंड प्रदेशातल्या जंगलाबद्दल, होता, तिथे लाकडाला तोटा नाही. आइस शीटकडे शेवटी येतो.

175 वॅट हा आकडा हीटर पूर्ण जोरात चालतानाचा. खोली ठरवलेल्या तापमानाला पोचली की तोच हीटर 17.5 वॅटवर उतरतो. सहा हीटर पूर्ण जोरात चालले तर 1050 वॅट ओढतात आणि लाकडावरचा एक जनरेटर देतो 1000. बॅटरी रिकामी झाली की दिवेही गेले. तेच सहा हीटर ऊब धरून ठेवणाऱ्या खोल्यांत बहुतेक वेळ 105 वॅटमध्ये भागवतात. मध्यरात्री एखाद्या हीटरवर क्लिक करून बघा. तो सतत पूर्ण जोरात दिसत असेल, तर खोली मोठी तरी आहे किंवा ऊब कुठूनतरी बाहेर जाते आहे. त्यात कोल्ड स्नॅप, म्हणजे थंडीची लाट, आला की बाहेरचा पारा आणखी 20 अंशांनी घसरतो, आणि काल कसाबसा पुरणारा हीटर आज पुरत नाही.

दगडाचं म्हणाल, तर भिंत कशाची आहे याने उबेत फरक पडत नाही, ती किती जाड आहे याने पडतो. दोन थर पुरे, तिसऱ्याचा काही उपयोग नाही. तेव्हा आतला थर खुशाल लाकडाचा घाला, फक्त आगीचं भान ठेवा. बाहेरच्या दाराशी मात्र कंजूषी नको. दोन दारं आणि मधे एक लहानशी जागा एवढं हवंच, नाहीतर शिकारीहून येणारा प्रत्येक जण दार उघडताना खोलीतली ऊब घालवतो.

कॅम्पफायरवर मी अडून बसलो ते सोलर फ्लेअरमुळे, म्हणजे सूर्यावरच्या उद्रेकामुळे. फ्लेअर आला की वीज सगळीच जाते, जमिनीतल्या उष्णतेवर चालणाऱ्या जिओथर्मल जनरेटरचे 3600 वॅटसुद्धा. अशा वेळी जेवणाच्या खोलीत 20 लाकडांची एक शेकोटी पेटलेली असेल, तर सगळ्यांना तिथे झोपवता येतं आणि हायपोथर्मिया, म्हणजे थंडीने शरीराचं तापमान घातक उतरणं, टळतो.

आता आइस शीट. तिथे हा आधार नाही, हे तुमचं अगदी बरोबर. फ्लेअर संपेपर्यंत खोलीत साठलेली ऊब आणि अंगावरचा पार्का (जाड कोट), एवढ्यावरच निभवायचं. म्हणून माझं मत असं की दुहेरी भिंत सगळ्यात जास्त कुठे लागत असेल, तर ती तुमच्याच नकाशावर. निदान झोपायच्या खोल्यांना तरी दुसरा थर द्याच.