दोन एसएसडी जोडल्या की सगळं दुप्पट?

"१ टीबीची एक एसएसडी घेण्यापेक्षा ५०० जीबीच्या दोन घ्या आणि रेड ० मध्ये जोडा, कॉम्प्युटर दुप्पट वेगाने चालेल. डेटाची काळजी असेल तर रेड १ करा, मग बॅकअपची कटकटच नाही." हा सल्ला इतका फिरतोय की तो तपासायची तसदी कुणी घेत नाही. एसएसडी म्हणजे डेटा साठवणारा वेगवान ड्राइव्ह, आणि रेड म्हणजे असे अनेक ड्राइव्ह जोडून एकासारखे वापरण्याची पद्धत: रेड ० मध्ये डेटा ड्राइव्हांत वाटला जातो, रेड १ मध्ये दोन्हींवर एकच प्रत राहते, आरशासारखी. आता त्या सल्ल्यातला एकेक दावा घेऊ.

"वेग दुप्पट होतो."

होतो, पण मोठ्या, सलग फाइलचा. रेड ० डेटाचे ठरावीक मापाचे, बहुधा ६४ किंवा १२८ केबीचे, तुकडे पाडून आळीपाळीने दोन्ही ड्राइव्हवर टाकतो. त्यामुळे ४० जीबीचा व्हिडिओ दोन्हीकडून एकदम येतो. विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना मात्र हजारो बारीक वाचनं होतात, आणि ४ केबीचा तुकडा सहसा एकाच ड्राइव्हवर सापडतो. दुसरा तेव्हा नुसता बसून असतो. उत्तर यायला लागणारा वेळ तोच. मध्ये रेडचा थर आल्याने झालाच तर किंचित वाढतो. पडताळायचं तर ड्राइव्हचा वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्कमधली सीक्वेन्शियलची, म्हणजे सलग वाचनाची, डोळे दिपवणारी ओळ सोडा आणि रँडम ४के, क्यू १, थ्रेड १ (एका वेळी ४ केबीचं एकच वाचन) ही ओळ पाहा. सलग वाचनाला ७,००० एमबी प्रतिसेकंद देणारी एसएसडीही तिथे शंभराच्या आसपास घुटमळते, आणि जोडी केल्याने तो आकडा जवळपास हलत नाही. गेम लोड होताना तर बराच वेळ प्रोसेसर दाबलेला डेटा उलगडत असतो.

साटा या जुन्या, हळू जोडणीच्या एसएसडींची जोडी करणं त्याहून व्यर्थ. साटा ३ वर प्रत्यक्षात सुमारे ५५० एमबी मिळतात, दोघींचे मिळून ११००. पीसीआयई ३.० या वेगवान जोडणीवरची एकटी चांगली एनव्हीएमई एसएसडी ३,५०० पर्यंत जाते. आणि जुन्या इंटेल बोर्डांवर चिपसेटला (मदरबोर्डवरच्या साहाय्यक चिपला) जोडलेले दोन्ही एम.२ स्लॉट, म्हणजे एनव्हीएमई बसवायच्या जागा, एकाच डीएमआय ३.० दुव्यातून प्रोसेसरकडे जातात. त्याची क्षमताच जेमतेम ३.९ जीबी प्रतिसेकंद, म्हणजे तिथे दुसरी एनव्हीएमई जवळजवळ वाया.

"५०० अधिक ५०० म्हणजे १ टीबीच."

रेड ० मध्ये हो. रेड १ मध्ये हातात ५०० जीबीच उरतात, हे सल्ला देणारा सोयीस्कर विसरतो. लिखाणाची हमी, म्हणजे एकूण किती डेटा लिहिता येईल याची कंपनीची हमी, पाहा: सॅमसंग ९८० प्रोच्या ५०० जीबी मॉडेलला ३०० टीबी, १ टीबीला ६०० टीबी. रेड ० मध्ये लिखाण वाटलं जातं, त्यामुळे तोटा नाही. रेड १ मध्ये प्रत्येक बाइट दोन्हीकडे लिहिला जातो, म्हणून ३०० वरच थांबा.

धोक्याचा हिशेब मात्र दुप्पट होतो. एक ड्राइव्ह वर्षभरात बिघडण्याची शक्यता उदाहरणादाखल २ टक्के धरली, तर रेड ० ची जोडी कोसळण्याची शक्यता ३.९६ टक्के, कारण एक गेला की दोन्हींवरचा डेटा गेला. शिवाय बायोस (मदरबोर्डचं मूलभूत सॉफ्टवेअर) अपडेटनंतर सेटिंग कधीकधी मूळ पदावर येऊन मोड रेडऐवजी एएचसीआय (ड्राइव्ह सुटे सुटे वापरण्याचा) होतो आणि जोडलेल्या ड्राइव्हचा अ‍ॅरे दिसेनासा होतो. अशा वेळी विंडोज 'डिस्क इनिशियलाइज करू का' असं विचारेल. हो म्हणू नका. आधी बायोसमध्ये जाऊन मोड पुन्हा रेडवर करा. बहुतेकदा अ‍ॅरे जसाच्या तसा परत दिसतो.

"रेड १ म्हणजे बॅकअप."

चुकून डिलीट केलेली फाइल दुसऱ्या ड्राइव्हवरूनही त्याच क्षणी जाते. रॅन्समवेअरने कुलूप घातलं की दोन्हीकडे घातलं. आणि एकाच दिवशी बसवलेले, एकाच मॉडेलचे दोन ड्राइव्ह एकदमच जाऊ शकतात. २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने जाहीर केलं की त्यांच्या काही एसएएस (सर्व्हरमध्ये वापरल्या जाणाऱ्या) एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर फर्मवेअरमधल्या, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरमधल्या, दोषामुळे कायमच्या बंद पडतात. एकाच वेळी सुरू केलेल्या आरशातल्या दोन्ही ड्राइव्हचे तास सारखेच भरणार!

रेड १ चा खरा उपयोग एवढाच, की ड्राइव्ह बिघडला तरी काम चालू राहतं. ज्यांना त्याची गरज नाही त्यांनी १ टीबीची एकच एनव्हीएमई घ्यावी, उरलेल्या पैशात बाहेरचा ड्राइव्ह घ्यावा आणि कॉपी झाली की तो काढून ठेवावा. रेड १ करायचंच असेल तर वेगवेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह घ्या आणि बिघाडाची सूचना देणारं सॉफ्टवेअर चालू ठेवा. नाहीतर एक ड्राइव्ह कधी गेला हे दुसरा जाईपर्यंत कळत नाही.