प्रेशर ड्रॉप जुळला म्हणजे सिम्युलेशन खरं ठरलं?

केमिकल इंजिनिअरांमध्ये एक विधान सारखं फिरत असतं: 'फ्लुइडाइज्ड बेडच्या सिम्युलेशनमधला प्रेशर ड्रॉप प्रयोगाशी दोन टक्क्यांत जुळला, बुडबुडेही हुबेहूब दिसतात. मॉडेल सिद्ध झालं, आता प्रयोगांवर पैसे कशाला घालायचे?' फ्लुइडाइज्ड बेड म्हणजे खालून हवा सोडून तरंगता ठेवलेला कणांचा थर, आणि प्रेशर ड्रॉप म्हणजे त्या थराच्या खालच्या आणि वरच्या दाबातला फरक. या विधानातलं मला काहीच पटत नाही.

आधी प्रेशर ड्रॉप, कारण खरी फसगत तिथेच होते. खालून सोडलेल्या हवेवर कण तरंगू लागले की हवा त्या थराचं वजन पेलते, बस्स. काचेचे मणी घ्या: घनता 2500 किलो प्रति घनमीटर, थर 40 सेंटिमीटर, मधली पोकळी 40 टक्के. वजन भागिले क्षेत्रफळ, म्हणजे प्रेशर ड्रॉप सुमारे 5.9 किलोपास्कल. याला कॉम्प्युटर लागत नाही. वजन बरोबर भरलं आणि थर तरंगता राहिला, तर ड्रॅगचं, म्हणजे हवा कणांना किती जोराने ओढते त्याचं, सूत्र चुकलं तरी सरासरी जवळपास हीच येणार. सूत्राचा कस लागतो तो दाबाच्या चढउतारांत, थर किती फुगला त्यात आणि कणांच्या वेगांत. नेमके तेच आलेख दाखवायचे राहून जातात.

बुडबुड्यांचं म्हणाल तर, कण कोणते ते आधी सांगा. 30 ते 100 मायक्रॉनच्या भुकटीत ग्रिड (हिशेबासाठी थराचे पाडलेले चौकोनी तुकडे) ढोबळ ठेवली की कणांचे बारीक पुंजके हिशेबातून सुटतात, ड्रॅग जास्त धरला जातो आणि थर प्रत्यक्षापेक्षा खूप फुगतो. चित्र मात्र देखणंच दिसतं.

शिवाय स्यामलाल-ओब्रायनसारख्या ड्रॅग सूत्राचे स्थिरांक बऱ्याचदा मोजलेल्या किमान फ्लुइडायझेशन वेगावरूनच (हवेच्या ज्या वेगाला कण तरंगू लागतात त्यावरूनच) बसवतात. मग तोच वेग जुळला म्हणून मिरवणं म्हणजे पेपर आधी बघून परीक्षेला बसणं.

आणि प्रयोग कशाला? अमेरिकेतली सरकारी ऊर्जा प्रयोगशाळा एनईटीएल आणि कणांच्या प्रवाहावर संशोधन करणारी पीएसआरआय या संस्थांनी सिम्युलेशन करणाऱ्यांसाठीच्या 2010 च्या आव्हानात प्रयोगाचे निकाल झाकून ठेवून आधी भाकितं मागवली. पुढे 2013 मध्ये एनईटीएलने 3 बाय 9 इंचांच्या छोट्या बेडचं आव्हान मांडलं. त्यात सुमारे सव्वातीन मिलिमीटरचे नायलॉनचे मणी होते, कणांचे वेग हायस्पीड कॅमेऱ्याने टिपले होते आणि तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला होता. मला ही पुनरावृत्ती फार मोलाची वाटते. प्रयोगाचेच आकडे आपसांत किती हलतात हे कळल्याशिवाय 'दोन टक्क्यांत जुळला' या वाक्याला अर्थच येत नाही.