हळद, चुना, तंबाखू आणि फेविक्विक: राखणीच्या कुत्र्यावरचा तो मेसेज

गेल्या पंधरा दिवसांत हा एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला, दोन बेळगावजवळच्या खानापूरचे, एक निपाणीचा आणि एक आमच्या पावण्यांचा. मजकूर साधारण असा: "मेंढरामागच्या, शेतातल्या कुत्र्याला डॉक्टर लागत नाही. चावलं-कापलं तर हळद, चुना, तंबाखू दाबून भरा नाहीतर गाडीचं जळकं ऑईल ओता. चाटू द्या, लाळ औषध असते. फाटलं असेल तर फेविक्विक. दुखत असेल तर माणसाची अर्धी गोळी. पिसाळलेलं चावलं तर मिरचीपूड भरा. आपल्या आज्जा-पणज्यांनी हेच केलं, त्यांची कुत्री मेली का?"

मेली की. बांधाला पुरली आणि विषय संपला, मोजत कोण बसलं होतं? जी वाचली ती दारात दिसत राहिली म्हणून हळदीचं नाव झालं.

आता एक गोष्ट आधीच कबूल करतो, मेसेजवाल्याची अडचण खरी आहे. जांबोटी-कणकुंबीकडं पावसात रात्री अकराला कुत्रं रक्तबंबाळ होऊन आलं तर डॉक्टर कुठून आणणार, घरीच काहीतरी करावं लागतं. भांडण घरी करण्यावर नाही, काय करता त्यावर आहे.

हळद-चुन्यापासून सुरू करतो, आणि इथं जरा वेळ घेणार आहे कारण सगळी गोम इथंच आहे. मागच्या श्रावणात मामांच्या बकऱ्यांचा कळप हुक्केरीकडं एका रानात मुक्कामाला बसवलेला, मी पण गेलो होतो. रात्री काळ्याची, म्हणजे मामांच्या राखणीच्या कुत्र्याची, गावातल्या दोन कुत्र्यांशी जुंपली. सोडवून आणला तर मानेवर थोडे केस ओले, दोन थेंब रक्त, बस. मामा म्हणाले, "किरकोळ हाय, हळद लाव आणि झोप." मी मोबाईलच्या उजेडात कात्रीनं केस कापले तर खाली तुरीच्या दाण्याएवढं भोक. वीस मिलीची सिरिंज होती, सुई काढून त्यानं मिठाचं पाणी आत सोडलं. पाणी आत गेलं ते गेलंच, क्षणभर कुठंच दिसेना, आणि मग कानामागनं, चार बोटं लांबून, आम्ही बघितलंच नव्हतं अशा दुसऱ्या भोकातनं बाहेर आलं, सोबत केस, चिखल आणि रक्ताची गाठ घेऊन. मामा कंदील धरून गप्पच झाले.

कुत्र्याची कातडी सैल असते. सुळा आत रुततो, मग समोरचं कुत्रं धरून झटके देतं, कातडी दाताबरोबर सरकते पण खालचं मांस फाटतं, चेचतं. वरून दाणा आणि आत खिसा. त्या खिशात समोरच्याची लाळ, केस, माती सगळं जातं. आता या भोकात हळद-चुना दाबला म्हणजे काय केलं? बाटलीला बूच मारलं. आतली घाण आत, तीन-चार दिवसांत गळू, कुत्रं खाणं सोडतं, मग म्हणायचं नजर लागली. हळदीत गुण आहेत, मी नाही म्हणत नाही, पण डब्यातली हळद काही निर्जंतुक नसते आणि रक्तात कालवून तिचा जो लगदा होतो तो नंतर धुऊनपण निघत नाही. चुना तर सरळ मांस भाजतो. तंबाखूचं निपाणीकरांना मी काय सांगावं, तंबाखूच्या पानावर नुसतं काम करून माणसाला मळमळतं, इथं तर उघड्या जखमेत निकोटिन, वर कुत्रं ते चाटणार, मग लाळ, उलट्या, थरथर. जळकं ऑईल, डिझेल, फिनेल तसंच, जखम भाजते आणि चाटून पोटात जातं.

मग करायचं काय? आधी तोंड बांधा. "माझं कुत्रं मला चावत नाही" हे वाक्य मी टाके पडलेल्या हाताच्या माणसांकडनंच जास्त ऐकलंय. कापडाची पट्टी नाकाडावर एक गाठ, खालून फिरवून कानामागं सुटेल अशी गाठ. धापा टाकत असेल किंवा उलटी करायला लागलं असेल तर मात्र बांधू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं दाबून दहा मिनिटं धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका, भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. थांबलं की केस कापा आणि धुवा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात दीड छोटा चमचा मीठ, आणि सिरिंजनं सोडत राहा, लिटरभर तरी. दोन चमचे शिंपडून "धुतलं" म्हणायचं नाही. मग बेटाडीन पाण्यात घालून फिक्क्या चहाच्या रंगाचं करा, तेवढंच पुरे. स्पिरिट नको. फेस येणारं पेरॉक्साईड रोज ओतू नका, ते जंतूंबरोबर भरत आलेलं मांसपण मारतं.

लाळेचं. लाळेत जंतू मारणारं थोडं काहीतरी असतं हे खरंय, पण त्याच तोंडात दिवसभर काय काय जातं ते बकऱ्यांमागं फिरणाऱ्याला सांगायला नको. शिवाय ती खरबरीत जीभ भरत आलेली जखम परत उघडते. जुन्या बादलीचा बूड कापून गळ्यात घाला, काळ्या दोन दिवस त्या बादलीसकट सगळ्या बकऱ्यांना धडकत फिरत होता, मामांना हसू आवरेना, पण जखम सुकली.

फेविक्विकवर मला राग आहे. विळ्यानं, पत्र्यानं ताजं सरळ कापलं असेल, स्वच्छ असेल तर डॉक्टर टाके घालतात, तेपण पहिल्या सहा-आठ तासांत बरं. चाव्याची गोष्ट वेगळी, ती भोकं बहुतेक वेळा मुद्दाम उघडी ठेवतात, मोठा खिसा असेल तर नळी घालतात, म्हणजे घाण गळून जाईल. आमच्या आधीच्या कुत्र्याला एका ओळखीच्यानं, जो दवाखान्यात हाताखाली होता एवढीच त्याची डिग्री, दोनशे रुपये घेऊन चाव्यावर घट्ट टाके मारले होते. दिसायला एकदम भारी. पाचव्या दिवशी मान सुजून टोपलीएवढी. आणि मुधोळ-कारवानी या सडपातळ शिकारी जातीचं कुत्रं असेल तर त्यांची कातडी मुळातच पातळ, जरा ताणली की कागदासारखी फाटते, तिथं तर घरचा शिवणकाम-चिकटवणकाम अजिबात नको.

पावसाळ्यात अजून एक भर, मेसेजमध्ये नाही पण कमेंटला कुणीतरी टाकलंच, "अळ्या पडल्या तर डांबर गोळी कुटून भरा." डांबर गोळी विष आहे आणि कुत्रं तिथं चाटतंच. माशी जखमेवर पांढऱ्या कण्यांसारखी अंडी घालते, दिवसभरात त्याच्या अळ्या होतात, म्हणून रोज दोनदा केस बाजूला करून बघा. पडल्याच तर चिमट्यानं वेचा, धुवा, आणि डॉक्टरकडनं स्प्रे किंवा इंजेक्शन घ्या, कारण आत किती आहेत ते तुम्हाला वरून दिसत नाही.

अर्धी गोळी: नको. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला अल्सर करतात, किडनी घालवतात. काळी शी व्हायला लागली की उशीर झालेला असतो. (डायक्लोफेनॅक जनावरांना द्यायला २००६ पासून बंदी आहे ती वेगळ्या कारणानं, मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपली म्हणून.) कुत्र्याची वेदनेची औषधं वेगळी मिळतात, वजनावर डोस असतो, ते डॉक्टरलाच विचारा. घरातली उरलेली अँटिबायोटिक तीन दिवस देऊन सोडून देणं पण याच खात्यात.

आणि काही जखमा घरच्या नाहीतच. छातीला, पोटाला, डोळ्याला, सांध्याला चावा, रानडुकराच्या सुळ्यानं पोट उघडलेलं, दाबूनही न थांबणारं रक्त, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. आतडं बाहेर आलं तर आत ढकलू नका, ओलं स्वच्छ फडकं गुंडाळा आणि गाडी काढा. १९६२ ला फोन लावा, जनावरांची फिरती गाडी आहे, कर्नाटकातपण आणि पलीकडं महाराष्ट्रातपण हाच नंबर. पाटी कन्नडात आहे म्हणून अडू नका, "पशु आस्पत्रे एल्लिदे?" एवढं येतं की आपल्याला, बाजारात भाव करताना बरं सगळं कन्नड सुचतं.

मिरचीपूड शेवटाला ठेवली कारण बाकीच्या चुकीत कुत्रं जातं, इथं माणूस जातो. ब्याडगी मिरची रश्शात घाला. पिसाळलेल्या कुत्र्याचं, कोल्ह्याचं विष मिरचीनं उतरत नाही, उलट मांस चरचरून जखम बिघडते. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं घड्याळ लावून, हा पहिला उपाय. मग चावा बसलेल्या आपल्या कुत्र्याला आधी लस दिलेली असली तरी लगेच बूस्टर, नसली तर डॉक्टर पूर्ण कोर्स सांगतील तो, आणि कुत्रं बांधून ठेवायचं. एरवी पिल्लू तीन महिन्यांचं झालं की लस, मग दरवर्षी. २८ सप्टेंबरला रेबीज दिन असतो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी फुकट देतात. एकदा लक्षणं दिसली की ना कुत्र्याला औषध आहे ना माणसाला, आणि टिळकवाडीत जिथं वॅक्सीन डेपो आहे, एकेकाळी देवीची लस बनायची, त्या बेळगावात आपण मिरचीपूड पाठवतोय एकमेकांना.

त्या रात्री धुण्याच्या नादात हातमोजे कुणाला आठवले नाहीत. मामांच्या बोटाला काट्यानं चिरलेलं होतं आणि त्यावर काळ्याच्या मानेचं सगळं पाणी गेलं. समोरची कुत्री कुणाची, लस दिलेली का, काही पत्ता नाही. सकाळी सरकारी दवाखान्यात नेलं, रेबीजच्या लशीच्या चार तारखा लिहून दिल्या. शेवटच्या तारखेला बकरी तोवर दोन गावं पुढं गेलेली, मामा एस.टी.नं मला शिव्या घालतच आले, पण आले.