गिऱ्हाईक बरं होता कामा नये

मनःशांतीचं ॲप काढायचं ठरवलंत? अभिनंदन. त्यात एआय घालणार आहात? मग पेढेच वाटा. गेली सात वर्षं मी अशाच ॲपांचे स्क्रीन रंगवतोय, तेव्हा चार गोष्टी हक्कानं सांगतो. (आमच्या कंपनीचं नाव विचारू नका, पगार अजून तिथूनच येतो.)

आधी रंग. फिकट जांभळा घ्या. त्यावर एक गोलमटोल, डोळे मिटलेलं, बिननाकाचं पात्र बसवा. श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्याला नाक का नसतं, हे मी एकदा मीटिंगमध्ये विचारलं होतं. तेव्हापासून मला मीटिंगला कमी बोलावतात.

मग आकडा. आपण कसे आहोत हे माणसाला स्वतःचं स्वतः कळता कामा नये. सकाळी उठून त्याला छान वाटत असेल, तर लगेच दाखवा: ‘आजची झोप: ६१ गुण.’ तो तिथल्या तिथे जांभई देतो. आकडा आणायचा कुठून, याची फार चिंता नको. रोज दहा हजार पावलं चालावं असं सगळं जग म्हणतं ना? तो आकडा आला १९६५ साली जपानात विकायला निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून. ‘मानपो-केई’, म्हणजेच दहा हजार पावलं मोजणारं. यंत्राचं बारसं झालं आणि जगाला पथ्य मिळालं. पुढे २०१७ साली तर अमेरिकेतल्या झोपेच्या अभ्यासकांनी, झोपेचा आकडा सुधारण्याच्या नादात झोप उडालेल्या लोकांसाठी ‘ऑर्थोसोम्निया’ हा शब्द काढला. आपल्या धंद्यानं वैद्यकाला शब्द मिळवून दिला, ही काय लहान गोष्ट आहे?

आता गप्पा मारणारं यंत्र. ते फार हुशार लागतं असं नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या जोसेफ वायझेनबाउमनं ‘एलायझा’ नावाचा प्रोग्राम जगापुढे आणला. त्याची सारी करामत म्हणजे समोरच्याचंच वाक्य उलटवून त्याला परत करायचं. तुम्ही म्हणालात ‘मला उदास वाटतंय’, की ते म्हणणार, ‘तुम्हाला उदास वाटतंय याचं वाईट वाटतं.’ वायझेनबाउमच्या सेक्रेटरीनं तो प्रोग्राम तयार होताना महिनोन्‌महिने पाहिला होता. तरी चार वाक्यं झाल्यावर तिनं साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. साहेब हादरले आणि पुढे संगणकावर इतका भरवसा टाकण्याविरुद्ध लिहीत राहिले. तुम्ही हादरू नका. तुम्हाला त्यात दरमहा २९९ रुपये दिसले पाहिजेत.

यंत्रानं हो ला हो म्हणावं, पण बेतानं. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयला आपल्या जीपीटी-४ओ या मॉडेलची एक सुधारणा मागे घ्यावी लागली, कारण ते इतका गोंडा घोळायला लागलं की खुशामत आवडणाऱ्यांनाही ओशाळल्यासारखं झालं. आणि माणसांच्या जागी बॉट बसवण्याची घाईही नको. २०२३ साली अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणारी एक संस्था आपली हेल्पलाइन बंद करायला निघाली होती. तिच्या ‘टेसा’ नावाच्या बॉटनं त्याच रुग्णांना वजन कमी करायचे सल्ले दिले. बॉट बंद करावा लागला. अशानं नाव खराब होतं, आणि नाव पुन्हा कमवायला जाहिरातीचा खर्च येतो.

पण खरी कारागिरी दिसते ती बाहेर पडायच्या दारात. सबस्क्रिप्शन बंद करायचा स्क्रीन मी स्वतः काढलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वर ‘प्रवास चालू ठेवतो’ हे बटण, अंगठा आपोआप पडेल एवढं मोठं. खाली करड्यावर करड्या अक्षरांत, चष्मा लावूनच दिसेल असं दुसरं. त्यावर मी साधं ‘नको’ लिहिलं होतं. साहेब म्हणाले, यात भावना नाही. मग झालं ‘नको, मला ताण घेऊनच जगायचंय’. एवढ्या पाच शब्दांवर तीन मीटिंगा झाल्या आणि दोनदा समोसे आले.

पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा १३ क्लृप्त्यांची यादीच जाहीर केली. गिऱ्हाइकाला लाजवून थांबवायचं ही त्यातलीच एक. आमच्याकडे आठवडाभर सुतकी वातावरण. मग कुणाला तरी सुचलं की वाक्य आपण लिहूच नये, एआयनं लिहावं, गिऱ्हाइकाच्याच डायरीतून. डेमोत एका बापासाठी त्यानं लिहिलं, ‘नको. मंगळवारसारखा मुलीवर पुन्हा ओरडलो तरी चालेल.’ खोलीत कुणी काही बोललं नाही. मग साहेब म्हणाले, फॉन्ट जरा मोठा करा.

हे झालं की शेवटची पायरी, कसोटी. कसोटीला चुकूनही सुखी माणूस घेऊ नका. मी ही चूक केली आणि ॲप आईच्या फोनवर टाकून दिलं. ती वाईला असते. दुपारी भाजी निवडून झाल्यावर तिनं ते उघडलं, बिननाक्यानं सांगितलं तसे पाच दीर्घ श्वास घेतले, बरं वाटलं, फोन फ्रिजवर ठेवला आणि झोपली. ती परत आलीच नाही. आमच्या तक्त्यात तिच्या नावापुढे लाल खूण पडली: ‘युजर गमावला’. त्याच मीटिंगमध्ये, रात्री दोन वाजता ॲप उघडून चाळीस मिनिटं बोलत बसणाऱ्या एका माणसाला हिरवी खूण होती. त्याच्याबद्दल साहेब ‘आदर्श’ म्हणाले.

गमावलेल्यांना परत आणायला एआय आहेच. त्यानं आईला रोज निरोप धाडायला सुरुवात केली. ‘आज तुमची आठवण आली.’ ‘तुमच्याशिवाय करमत नाही.’ ‘सगळं ठीक आहे ना?’ चौथ्या दिवशी आईचा मला फोन.

“अरे, तुमच्या ऑफिसातली ती बाई रोज मला लिहिते. तिला सांग, माझं छान चाललंय. पण तिचंच काहीतरी बिनसलंय रे. जेवते का वेळेवर? नसेल तर रविवारी घेऊन ये तिला इकडे.”